नाकातला फवारा: आधी हात बसवा, मग औषधाला नावं ठेवा

गणेश चवथीच्या आधीचा आठवडा आमच्या गोव्यातल्या औषधांच्या दुकानात शिंकांचा असतो. घराघरांत माळे साफ होतात, गणपतीवर बांधायच्या माटोळीची लाकडं बाहेर निघतात, वर्षभर न उघडलेल्या पेट्या उघडतात आणि संध्याकाळी निम्मं फोंडा नाकाला रुमाल लावून माझ्या काउंटरवर येतं. "नाक बंद जालां" एवढं एकच वाक्य, आणि हात पुढे.

गेल्या पावसाळ्यात डिचोलीकडचा एक तरुण नाकातल्या फवाऱ्याची अर्धी वापरलेली बाटली घेऊन परत आला. "काका, डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून घेतलं, पण हे काही कामाचं नाही. वर घसा कडूजहर होतो तो वेगळाच." मी म्हटलं, मारून दाखव बघू. त्याने तांब्यातलं पाणी वरून पिताना करतात तशी मान मागे टाकली, नळी सरळ वर खुपसली, फस्सकन दाबली आणि इतक्या जोरात ओढली की मागे उभ्या असलेल्या मावशी दचकल्या. औषध नाकात क्षणभरही थांबलं नसणार. बारा दिवस तो नाकाचं औषध पीत होता.

फवारा पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी हे लिहितोय. निदान डॉक्टरांचं, मात्राही त्यांचीच. पण चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आल्यापासून बाटली संपेपर्यंत जे काही होतं, ते मी इतकी वर्षं काउंटरमागून बघतोय.

चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय

नाकात मारायच्या बाटल्या बाहेरून सारख्याच दिसतात. आत मात्र तीन वेगवेगळ्या जातीची औषधं असतात आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो.

पहिली जात अँटिहिस्टामिनची, म्हणजे अॅलर्जीच्या शिंका-खाज आवरणारी: अॅझेलास्टिन किंवा ओलोपॅटाडिन. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. दुसरी सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची: फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे. आपल्याकडे बऱ्याचदा दोन्ही एकाच बाटलीत मिळतात, अॅझेलास्टिनसोबत फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. चिठ्ठीवर "अॅझे" आणि "फ्लु" अशी दोन्ही अक्षरं दिसली तर तुमच्या हातात ही जोडबाटली आहे असं समजा. तिसरी जात म्हणजे नाक झटक्यात मोकळं करणारी झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन. या औषधांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, दोन मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि माणूस त्यांच्या प्रेमात पडतो. तीन-पाच दिवसांपुढे वापरलं की नाक उलटं रुसतं. औषधाचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. मी स्वतः फार्मसी शिकत असताना चार महिने या चक्रात होतो. उशीखाली बाटली ठेवल्याशिवाय झोप लागत नसे. पुस्तकात वाचलेलं स्वतःच्या नाकाला लागू आहे हे कळायला मला चार महिने लागले, तेव्हा गिऱ्हाइकांना मी फार बोलत नाही.

म्हणून शेजाऱ्याच्या बाटलीने आपलं नाक सुटलं, तर आधी ती कुठल्या जातीची होती ते बघावं.

अजून एक फसगत. ओलोपॅटाडिन डोळ्यांच्या थेंबांतही असतं. डोळ्यांचं ०.१ किंवा ०.२ टक्के, नाकाचं ०.६ टक्के. अॅलर्जीवाल्यांना अनेकदा दोन्ही लिहून दिलेली असतात आणि नावही तेच. घरी गेल्यावर डोळ्यांच्या बाटलीवर मार्करने डोळा काढा आणि नाकाच्या बाटलीवर नाक. चित्र वाईट आलं तरी चालेल.

हे औषध करतं काय

अॅलर्जी असलेल्याच्या नाकात धुळीतला कण गेला की अस्तरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते जाऊन आपल्या ठरलेल्या जागांवर बसलं की खाज, एकामागून एक शिंका आणि पाण्यासारखं गळणं सुरू होतं. अँटिहिस्टामिन त्या जागा आधी अडवतं. कदंबाच्या सरकारी बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तेच. बस भरल्यावर रुमाल टाकून उपयोग नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, कुणीतरी उठेल तशी जागा मिळते, पण आधी टाकलेला बरा. म्हणूनच ज्यांना डॉक्टरांनी "लागेल तेव्हा मारा" असं सांगितलंय त्यांनी माळ्यावर चढायच्या अर्ध्या तासाआधी मारावा, खाली उतरून वीस शिंका झाल्यावर नव्हे.

अॅझेलास्टिनचा असर साधारण पंधरा मिनिटांत जाणवायला लागतो, ओलोपॅटाडिनचा अर्ध्या तासात. सेटिरिझिनसारखी गोळी पोटातून रक्तात जाऊन मग नाकापर्यंत पोचते, आणि चोंदलेल्या नाकावर तिचा जोर तसा कमीच चालतो. फवारा थेट जागेवर पडतो, चोंदण्यावरही थोडं काम करतो. स्टेरॉइडची तऱ्हा निराळी. त्याला काही दिवस लागतात, पूर्ण गुण यायला कधी दोन आठवडे. पण रोज चोंदणाऱ्या नाकासाठी त्याच्याइतकं दमदार दुसरं नाही. जोडबाटलीत म्हणून एक धावणारा आणि एक टिकणारा असे दोघे एकत्र असतात. ती लिहून दिली असेल तर शिंका थांबल्या म्हणून चौथ्या दिवशी बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा.

आता हात

पहिल्यांदा आरशासमोर करा, नंतर आरसा लागत नाही.

नाक हलकेच शिंकरून घ्या. आत शेंबूड साचलेला असेल तर औषध त्याच्यावर पडतं आणि त्याच्यासोबतच बाहेर येतं. फार घट्ट असेल तर मिठाच्या पाण्याने धुवा आणि दहाएक मिनिटं थांबा. पाण्याबद्दल पुढे बोलतो, ते महत्त्वाचं आहे.

बाटली हलवा. जोडबाटलीत स्टेरॉइड तळाशी बसतं, तिथे हलवणं गरजेचंच. नुसतं अॅझेलास्टिन पाण्यासारखं असतं, ते न हलवताही चालतं, पण सवय असलेली बरी.

नवी बाटली लगेच नाकात घालायची नसते. टोपण काढा, तोंडापासून लांब धरून हवेत दाबत राहा. पहिले दोन-तीन दाब फुकट जातील, मग थेंब येतील, मग धुक्यासारखा बारीक फवारा सुटेल. तो दिसला की बाटली तयार. किती वेळा दाबायचं ते आतल्या कागदावर असतं, बहुधा चार ते सहा. हे फक्त नवीन बाटलीसाठी किंवा बरेच दिवस पडून राहिलेल्या बाटलीसाठी. रोज हवेत दोन उडवणारे लोक मी पाहिलेत. महिन्याचं औषध पंधरा दिवसांत संपतं आणि बोलणी दुकानदाराला.

मान पुढे. तांदूळ निवडताना असते तशी, किंचित खाली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाव्या नाकपुडीसाठी बाटली उजव्या हातात, उजवीसाठी डाव्या हातात. हात असा उलटा घेतला की नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने वळतं. औषध तिथेच पडायला हवं, कारण बाजूच्या भिंतीवर टर्बिनेट नावाच्या मांसल वळकट्या असतात आणि सूज मुख्यतः त्यांनाच येते. मधला पडदा नाजूक, रक्तवाहिन्या अगदी वर आलेल्या. त्याच हाताने मारलं की फवारा नेमका पडद्यावर बसतो. मग काही दिवसांनी रुमालावर लाल ठिपके दिसतात आणि माणूस घाबरून येतो. नळी फार आत नको, नाकपुडीच्या तोंडातून जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर.

दाबताना श्वास हळूच आत घ्या. जाईच्या गजऱ्याचा वास घेताना घेतो तेवढाच. (अबोली म्हणणार होतो, पण अबोलीला वास कुठे असतो.) तपकीर ओढल्यासारखं ओढलं की सगळं घशात. श्वास तोंडाने सोडा आणि दुसऱ्या नाकपुडीकडे वळा. एका नाकपुडीत दोनदा मारायला सांगितलं असेल तर दुसऱ्यांदा कोन किंचित बदला, म्हणजे एकाच ठिपक्यावर दोन्ही पडणार नाहीत.

पुढची दहा मिनिटं शिंकरू नका. पुढे आलेलं टिपून घ्या. घशात उतरलंच तर थुंकून टाका आणि चूळ भरा. शेवटी नळीचं टोक स्वच्छ कागदाने पुसून टोपण लावा. नळी तुंबली तर टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि फवाऱ्याची पिचकारी होते. वरचा भाग निघत असेल तर काढून कोमट पाण्याखाली धरा आणि वाळवून लावा.

डिचोलीच्या त्या तरुणाला मी हे सगळं काउंटरवर उभं करून, साध्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीने दोनदा करायला लावलं. पहिल्या खेपेला हात उलटा घ्यायला विसरला. दुसऱ्या खेपेला जमलं.

कडू चव आणि झोप

अॅझेलास्टिन कडू आहे, त्याला इलाज नाही. वर सांगितल्याप्रमाणे मारलं तर कडूपणा बराच कमी होतो, पण जात नाही. जेवायच्या तोंडावर मारू नका, एवढं पथ्य पाळा. एका बाईंनी मला सांगितलं होतं, "हुमणात, माशाच्या आमटीत, काय बिघडलं म्हणून दोन दिवस तिरफळांना शिव्या दिल्या, नंतर कळलं फवारा होता." जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, नाहीतर जेवणानंतर.

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. नाकात मारलेलं थोडं औषध रक्तातही जातं आणि काहींना गुंगी येते. सगळ्यांना नाही, पण आपण त्या काहींतले आहोत का हे पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून पहिली मात्रा रात्री घरी असताना घ्या, सकाळी स्कूटर काढून पणजीला निघताना नव्हे. सोबत सेटिरिझिनची गोळी, खोकल्याचं औषध किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि दारू. मार्च ते मे हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस, तेव्हा हे मी प्रत्येकाला आवर्जून विचारतो. लोकांना वाटतं नाकातल्या औषधाचा आणि पोटातल्या हुर्राकाचा संबंध काय? दोन्ही डोक्यात एकाच वेळी पोचतात, हा संबंध.

थोडं रक्त आलं तर मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, फवारा एक-दोन दिवस थांबवा आणि कोन तपासा. पुन्हा आलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

बाटली किती दिवस पुरते

बाटलीवर मात्रांचा, म्हणजे दाबांचा आकडा छापलेला असतो, बहुधा ७० किंवा १२०. दोन्ही नाकपुड्यांत एकेकदा, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज चार दाब. सुरुवातीचे चार-सहा वजा केले तर सत्तरवाली सोळा दिवस जाते. दोन-दोनदा मारायला सांगितलं असेल तर आठ दिवस. हा हिशेब घरच्या घरी करा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. सांगितलेले दाब झाल्यावरही तळाला थोडं शिल्लक दिसतं आणि ते फेकवत नाही. पण तेव्हा एका दाबात पुरेशी मात्रा येईलच असं नसतं. कंजूषपणा इथे नको.

मे महिन्यात बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. फ्रीजमध्येही नको. घरातलं सावलीतलं कपाट पुरे. आणि एक बाटली एका माणसाची. नवरा-बायकोची सुद्धा वेगळी.

गोव्याचं वर्ष आणि आपलं नाक

बाहेरून इथे राहायला आलेले लोक म्हणतात, पुण्यात असताना काही नव्हतं, गोव्यात आल्यावर सुरू झालं. यात तथ्य असू शकतं. धुळीतल्या किड्यांना, म्हणजे गादीत राहणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या माइट्सना, दमट हवा लागते, आणि आपल्याकडे ती बारा महिने आहे. जूनमध्ये पाऊस लागला की भिंतींना ओल येते, चपलांवर, पुस्तकांवर, कपाटाच्या मागे बुरशी चढते. घरात शिरताच कुबट वास आला तर नाकाला कळलेलं आहे, तुम्हाला नसलं तरी. पाऊस सरता सरता सड्यावरचं गवत फुलतं आणि वाऱ्यावर उडणारे पराग बरेचसे त्याचेच. काजूचा मोहोर लोकांना उगाच बदनाम वाटतो की खरा, यावर आमच्या दुकानात दरवर्षी वाद होतो.

उन्हाळ्यात पातेरा जाळल्याचा धूर, रस्त्याची लाल धूळ, चवथीत फटाके आणि उदबत्त्या. ही खरी अॅलर्जी नसते, नुसतं झोंबणं असतं. गंमत अशी की अॅझेलास्टिन अशा धूर-अत्तर-थंड हवेने गळणाऱ्या नाकावरही वापरतात, त्यामुळे डॉक्टर तिथेही लिहून देऊ शकतात.

फवारा चालू असला तरी घर आवरायचं थांबवू नका. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास. जुलैत ऊन नसतं, तेव्हा किमान पंख्याखाली पूर्ण सुकवल्याशिवाय अंथरू नका. एसी असेल तर जाळी पंधरा दिवसांनी धुवा, नाहीतर बुरशीच अंगावर फुंकून घेतल्यासारखं. माळा झाडायचं काम शक्यतो ज्याला शिंका येत नाहीत त्याने करावं. घरात असा कुणीच नसेल तर ओल्या फडक्याने पुसा, केरसुणी नको, आणि तोंडाला मास्क.

मिठाच्या पाण्याचं राहिलं होतं. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, हे माप. पाणी उकळून थंड केलेलंच हवं. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका, ते कितीही गोड लागत असो. गोड्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. पाच मिनिटं पाणी उकळायचा कंटाळा इथे परवडणारा नाही.

फवारा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी

घसा दुखतोय, ताप आहे, अंग मोडून आलंय, तर ती सर्दी असू शकते, तिला अँटिहिस्टामिनचं फारसं देणंघेणं नाही. अॅलर्जीत ताप नसतो, नाक आणि डोळे खाजतात, पाणी स्वच्छ असतं आणि आठ-दहा दिवसांत ती आपणहून जात नाही.

एकाच बाजूचं नाक सतत बंद, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वासाचं पाणी, चेहरा ठणकणं, वास अजिबात न येणं, छातीत शिट्टी वाजल्यासारखा श्वास: यातलं काही असेल तर काउंटरवर माझ्याशी बोलत बसू नका. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर आत मणी किंवा चिंचोका असण्याची शक्यता धरा. डोक्याला मार लागल्यानंतर एका बाजूने पाण्यासारखं गळत असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. बाकी तक्रारींसाठी म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत, बांबोळीला गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, कान-नाक-घशाची ओपीडी आहे.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांसाठी, घरात आधीच असलेली बाटली विचारल्याशिवाय वापरू नये. मोठ्याची मात्रा अर्धी केली की मुलाची होते असं नसतं. अॅलर्जीची त्वचेवरची चाचणी ठरली असेल तर फवारा चालू असल्याचंही आधी सांगा. गोळ्या बंद करायला सांगतात हे लोकांना माहीत असतं, फवारा मात्र औषधात मोजतच नाहीत.

आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. "ती निळ्या टोपणाची" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, मलाही नाही.